सड्यावरची फुले आणि आमची शैलोद्याने

गेल्या काही वर्षांत आमच्याकडील देवस्थानांच्या आवारांत आणि नव्या घरांच्या अंगणांत 'शैलोद्यान' नावाचा एक प्रकार दिसू लागला आहे. डिचोली महालातील एका देवळात उत्सवानिमित्त गेलो असता असेच एक नवे शैलोद्यान आमच्या दृष्टीस पडले. दीपस्तंभाच्या डाव्या अंगाची चिऱ्यांची जुनी फरसबंदी उखडून तेथे काळ्या दगडांचा ढीग रचला होता. सांध्यांत सिमेंट भरले होते, आणि त्यातच खाचा ठेवून परप्रांतातून आणलेली निवडुंगाची रोपे बसविली होती. यजमानांनी मोठ्या कौतुकाने आमचा अभिप्राय विचारला. उत्सवाच्या दिवशी वाद नको म्हणून आम्ही "छान आहे" एवढेच म्हणालो. ते खरे नव्हते. खरा अभिप्राय आज देत आहो.

काव्याचे परीक्षण होते तसे उद्यानाचेही व्हावयास हरकत नाही. मात्र त्याआधी त्या कलेचे प्रयोजन ध्यानी घेतले पाहिजे. शैलोद्यान ही मूळची युरोपातील कल्पना. आल्प्ससारख्या पर्वतांवर, वृक्षांची सीमा संपते त्याच्याही वर, खडकांच्या फटींत जी चिमुकली झाडे वाढतात ती सपाटीवर नांदावीत, एवढ्यासाठी ही खटपट. इंग्लंडात रेजिनाल्ड फॅरर (1880–1920) याने या कलेला शास्त्राची शिस्त लावली. 'द इंग्लिश रॉक गार्डन' हा त्याचा ग्रंथ 1919 साली दोन खंडांत निघाला. मिष्टान्नावर बदाम टोचावेत तसे उभे केलेले दगड पाहून तो तेव्हाच उपहासाने हसला होता. पुढे चेक देशातील उद्यानप्रेमींनी निराळी रीत रूढ केली. चपट्या शिळा उभ्या, एकमेकींस लगटून रोवावयाच्या, मधल्या अरुंद फटींत खडी-वाळू भरावयाची आणि तीत रोप लावावयाचे. मुळे ओल शोधीत शिळांच्या थंडाव्यात खोल उतरतात, पाणी निथळून जाते आणि रोपाचा गळा कोरडा राहतो. या बागांतल्या एका मानकरी वनस्पतिकुलाचे लॅटिन नाव 'सॅक्सिफ्रागा', म्हणजे दगड फोडणारी. आमच्या वैद्यांचा हिमालयातील पाषाणभेद याच कुळातला. दक्षिणेकडे तर नदीपात्रातील खडकांत वाढणाऱ्या एका वेगळ्याच झुडपालाही वैद्य पाषाणभेद म्हणतात. दगड आणि मूळ यांचे नाते दोन्हीकडच्या लोकांनी ओळखले होते, हे यावरून दिसते.

तात्पर्य, शैलोद्यानात फट ही मुख्य आणि दगड हा फटीसाठी. आम्ही पाहिलेल्या बागेत नेमकी फटच बुजविली होती! हा त्या रचनेचा पहिला दोष.

दुसरा दोष अधिक मोठा आहे. आल्प्सची झाडे हिवाळाभर बर्फाखाली निजतात. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बाराही महिने दमट हवा आणि रात्रीही उष्मा. येथे ती झाडे कुजणार हे सांगावयास ज्योतिषी नको. म्हणून मग त्यांच्या जागी निवडुंग आणावयाचे. परंतु खडकाच्या फटीत राहणारी आमची स्वतःची झाडे आहेत, याची आठवण कोणासही झाली नाही.

पेडणे आणि डिचोलीतील सडे आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी लहानपणी पायांखाली तुडविले आहेत. जांभा दगड हा पावसाने युगानुयुगे धुतलेला खडक आहे. त्यातील सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले. फ्रान्सिस बुकानन याने मलबारात पाहिलेल्या या दगडास, विटेसारखा कापता येतो म्हणून, लॅटिनातील विटेच्या नावावरून 1807 साली 'लॅटराइट' असे नाव दिले. आमच्या घरांचे चिरे त्याचे, हरवळ्याची प्राचीन लेणीही त्याच्यातच कोरलेली. हाच दगड सड्यावर उघडा पडतो. वैशाखात तेथे पाय ठेववत नाही. आषाढात त्याच कातळावर पाणी उभे राहते. खाचाखळग्यांत बोटभर माती, तीही निःसत्त्व. आल्प्सची फट पाणी काढून देण्यासाठी, आमच्या सड्याची फट माती आणि ओल धरून ठेवण्यासाठी. या चार महिन्यांच्या मुदतीत तेथील झाडांनी जन्म, फूल आणि बी एवढा सारा प्रपंच उरकावयाचा असतो.

आणि तो कसा उरकला जातो! पांढऱ्या गेंदांचे ताटवे, सीतेच्या आसवांची निळीजांभळी फुले, किडे धरून पोट भरणारे दवबिंदू. मातीत सत्त्व नाही म्हणून ही शेवटची दोन्ही झाडे मांसाहारी झाली आहेत. दिपकाडीचा एक प्रकार कोकणच्या सड्यांचाच रहिवासी. ग्लिफोक्लोआ नावाच्या गवताच्या एका जातीस तर शास्त्रज्ञांनी गोव्याचेच नाव दिले आहे. साताऱ्याजवळचे कासचे पठार पश्चिम घाटासमवेत 2012 साली जागतिक वारशात गेले. तेथील फुले पाहावयास आमची मंडळी गाड्या करून जातात. घरामागच्या सड्यावर मात्र कचरा टाकतात.

याचे कारण काय? एक कारण आमच्याच व्यवसायात आहे, ते कबूल केले पाहिजे. गोव्यातील जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यात लागवडीच्या क्षेत्राशेजारी 'पोटखराब' असा रकाना असतो. ज्यात भात, माड, काजू होत नाही ते खराब. महसुलाच्या हिशेबापुरता तो शब्द ठीक असेल. पण शब्द रकान्यातून निघून माणसांच्या मनात शिरतो. काही वर्षांपूर्वी पेडण्यातील एका सड्याच्या खरेदीखतात आम्ही स्वतः 'खडकाळ व निरुपयोगी' असे लिहिले होते. श्रावणात हद्द पाहावयास गेलो तेव्हा अशिलासह आम्ही फुलांवरूनच चाललो, आणि तरीही परत येऊन मसुद्यातला तो शब्द बदलला नाही.

मोपाच्या पठारावरील विमानतळाच्या पर्यावरण मंजुरीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 29 मार्च 2019 रोजी न्यायालयाने मंजुरी स्थगित करून फेरविचार करावयास लाविला, आणि जानेवारी 2020 मध्ये स्थगिती उठली. 5 जानेवारी 2023 पासून तेथून विमाने उडतात. विमानतळ हवा की नको, हा येथे प्रश्न नाही. पठार म्हणजे रिकामी जागा असे गृहीत धरून मागाहून तेथे काय होते ते मोजावयाचे, हा क्रम मात्र उलटा आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. फटीतली झाडे भिंती फोडतात, शेवाळावरून वृद्ध भाविक घसरतात, असे महाजन म्हणतात. ते अगदीच निराधार नाही. पिंपळ आणि वड यांचे रोप तळीच्या भिंतीत दिसताच काढले पाहिजे, आणि वहिवाटीच्या पायऱ्या घासल्या पाहिजेत. परंतु हंसराजाचे नाजूक नेचे चिरा फोडीत नाहीत. सर्वांस एकच शिक्षा देऊन तळीची अख्खी भिंत सिमेंटने लिंपणे हा न्याय नव्हे. त्यात भिंतीचेही हित नाही. आत कोंडलेले पाणी चिऱ्यासच पोखरते. जुने गवंडी चुना वापरीत, तो ओल बाहेर जाऊ देई.

मग करावे काय? सड्यावरची झाडे उपटून आणून अंगणात लावू नयेत. खतावलेल्या मातीत दवबिंदू तग धरीत नाही. तळीच्या भिंतीचे जे सांधे शाबूत आहेत ते तसेच राहू द्यावेत. देवस्थानाच्या मालकीचा सडा असेल तर त्याचा एक तुकडा न खणता, न भरता राखावा आणि तसा ठराव महाजनांच्या सभेत नोंदवावा. चवथीला देवाच्या माथ्यावर आम्ही माटोळी बांधतो, तीत रानची फळेफुले असावी लागतात. रान राखल्यावाचून माटोळी कोठून येणार, हा प्रश्न महाजनांना परका वाटू नये.

त्या यजमानांना आम्ही हा लेख वाचावयास देणार आहो. उखडलेले चिरे अजून देवळामागे रचून ठेवलेले आहेत, ते पुन्हा बसविता येतील. सांध्यांत माती भरली की पुढचे काम पाऊस करील. आणि आमच्या दप्तरात सड्याचे नवे खत येईल तेव्हा 'निरुपयोगी' हा शब्द आम्ही लिहिणार नाही.