निवडपत्र पेपरसारखं वाचा

गेल्या उन्हाळ्यात पुणतांब्याला घरी बसून फेलोशिपच्या पत्राची वाट बघत होतो. पोस्टमन गल्लीत दिसला की माझ्याआधी आई दारात! शेवटी एका पानाचं पत्र आलं. 'निवड झाली आहे' एवढं वाचलं आणि घडी घालून ठेवून दिलं. चुकलंच ते.

नंतर ते पत्र रिसर्च पेपर वाचतो तसं, ओळीओळीवर थांबून वाचलं. रक्कम होती, अटी होत्या, 'सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेच्या अधीन राहून' हे तर दोनदा होतं. फेलोशिप कोणत्या तारखेपासून लागू, एवढंच नव्हतं. पीएचडीच्या नोंदणीपासून, की पत्राच्या तारखेपासून? मधले आठ महिने कोणाच्या खिशातून गेले?

या एका ओळीची किंमत बघा. केंद्राने जेआरएफ 31,000 वरून 37,000 केल्याचा आदेश जून 2023 मध्ये निघाला, पण वाढ लागू झाली 1 जानेवारी 2023 पासून. जानेवारी ते जूनचा फरकच 36,000 रुपये.

बार्टी, सारथी, महाज्योतीच्या फेलोशिपचंही तेच. 24 डिसेंबर 2023 च्या परीक्षेत 2019 च्या सेटचाच पेपर आल्याची ओरड झाली, 10 जानेवारी 2024 ला परीक्षा पुन्हा घेतली, त्यातही वाद झाले. पण या सगळ्यात मुलांची एक मागणी कायम होती: नोंदणीच्या दिनांकापासून पूर्ण फेलोशिप.

तुमच्या पत्रात ही तारीख नसेल तर लगेच लेखी विचारा, नोंदणीपत्राची प्रत जोडा. मी स्पीड पोस्टने विचारलंय. उत्तर अजून यायचंय.