गांवाचें वेगळेपण

वर्ध्याहून नागपुरास जातांना वाटेंत केळझर हें गांव लागतें. गांवालगतच्या टेकडीवर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि तेथेंच सिद्धिविनायकाचें देऊळ आहे. विदर्भांतील अष्टविनायकांत या स्थानाची गणना होत असल्यामुळें चतुर्थीस तेथें दर्शनार्थी लोकांची गर्दी असते. अशाच एका चतुर्थीस टेकडी उतरतांना आमच्याबरोबरचे एक सुशिक्षित गृहस्थ म्हणाले, "देऊळ पाहिलें, आतां या गांवांत पाहण्यासारखें दुसरें काय आहे? चार गांवांसारखेंच हेंही एक !" त्या वेळीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. पुढें विचार करितां असें वाटूं लागलें कीं, हा प्रश्न प्रवाशाचा नसून वाङ्मयाचा आहे. गांव सामान्य असतें कीं त्याचें वर्णन सामान्य असतें, हें आधीं ठरविलें पाहिजे.

या प्रश्नाची चर्चा अमेरिकेंत पुष्कळ झाली आहे, आणि तें स्वाभाविकच आहे. आपलीं गांवें हळूहळू वाढलीं. तिकडील असंख्य गांवें आधीं कागदावर आखलीं गेलीं व मग जमिनीवर उतरलीं. १७८५ च्या कायद्यानें पश्चिमेकडील जमिनीची मोजणी सहा मैलांच्या चौरसांनीं होऊं लागली. पुढें आगगाडी आली, तेव्हां इलिनॉय प्रांतांतील लोहमार्गावर एकाच नमुन्याबरहुकूम अनेक गांवें वसविण्यांत आलीं. एक पाहिलें कीं सर्व पाहिलीं, अशी त्यांची ख्याति झाली तर नवल नाहीं. न्यूयॉर्कमध्येंही १८११ सालीं असाच आराखडा मंजूर झाला. परंतु ब्रॉडवे नांवाचा त्याहून जुना रस्ता तो चौकटींतून तिरपा निघून गेला, आणि जेथें जेथें त्यानें सरळ रस्त्यांस छेद दिला तेथें टाइम्स स्क्वेअरसारखे चौक निर्माण झाले. सॅन फ्रॅन्सिस्कोची आखणीही सरळ रेषांचीच. पण ती उभ्या चढाच्या टेकड्यांवर पडल्यामुळें त्या नगरास निराळें रूप आलें. यावरून कोणी म्हणेल कीं, आखणीस जें पुसतां आलें नाहीं त्यांतच नगराचें व्यक्तित्व असतें.

हें उत्तर चांगलें आहे, पण पुरें नाहीं. सिंक्लेअर लुईस यांची 'मेन स्ट्रीट' ही कादंबरी १९२० सालीं प्रसिद्ध झाली. मिनेसोटांतील सॉक सेंटर या आपल्या जन्मगांवावरून त्यांनीं गोफर प्रेअरी हें कल्पित गांव रचिलें आणि त्याचा सामान्यपणा, आत्मसंतुष्टता व एकसुरीपणा यांचें निर्दय चित्र काढिलें. गांवास न टेकडी, न समुद्र, न जुना वांकडा रस्ता. तरीही आज सॉक सेंटर आपल्या हमरस्त्यास 'मूळ मेन स्ट्रीट' म्हणून मिरवितें, आणि तेथील शाळेचे खेळाडूही त्याच नांवानें मैदानांत उतरतात. ज्या पुस्तकानें गांवास सामान्य म्हटलें, त्याच पुस्तकानें तें असामान्य करून सोडलें ! कारण लुईस यांनीं निंदा केली असली तरी त्यांनीं पाहिलें होतें; दुकानांच्या कांचांवरील धूळसुद्धां त्यांनीं सोडली नाहीं.

आपल्याकडेही हाच न्याय लागतो. वर्धा शहर पालकवाडी या खेड्याच्या जागीं १८६६ सालीं जिल्ह्याचें ठाणें म्हणून आखून वसविलें गेलें. तें जगाच्या नकाशावर आलें तें मात्र त्याच्या सरळ रस्त्यांमुळें नव्हे, तर जवळच्या एका खेड्यामुळें. १९३६ सालीं गांधीजी ज्या सेगांवीं राहावयास गेले, त्याच्या नांवाचा वऱ्हाडांतील शेगांवाशीं घोटाळा होई व टपाल भलतीकडे जाई. म्हणून १९४० सालीं त्याचें सेवाग्राम असें नामकरण झालें. माती, बांबू आणि कौलें यांची ती कुटी इतर झोपड्यांहून निराळी नव्हती. तींत राहण्याची रीत निराळी होती.

आतां केळझरकडे वळूं. महाभारतांतील एकचक्रा नगरी ती हीच, बकासुराचा वध भीमानें येथेंच केला, अशी येथील श्रद्धा आहे. या श्रद्धेची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु खानदेशांतील एरंडोलही आपणांस एकचक्रा म्हणवितें. तेथें पांडववाडा आहे, आणि जवळच्या पद्मालयास गणपतीचें प्रसिद्ध देऊळ व भीमकुंडही आहे. बिहारांतील आरा आणि बंगालचा वीरभूम जिल्हा यांचाही तोच दावा आहे. म्हणजे जी कथा आम्ही वेगळेपणाचा पुरावा म्हणून पुढें करितों, ती अनेक गांवांच्या मालकीची आहे. अमेरिकन गांवें एका आराखड्यानें सारखीं झालीं. आमचीं एका आख्यायिकेनें होतात.

याचा दोष कथेकडे नाहीं; ती सांगण्याच्या आमच्या पद्धतीकडे आहे. मूळ आदिपर्व उघडून पाहावें. व्यासांनीं एकचक्रेचे वाडे, वेशी, बाजार यांच्या वर्णनावर भर दिलेला नाहीं. त्यांनीं दाखविलें तें एक घर. उद्यां राक्षसाकडे जाण्याची पाळी या घराची आहे. बाप म्हणतो मी जातों, आई म्हणते मी जातें, मुलगी म्हणते मला जाऊं द्या. आणि बोबडें बोलणारा धाकटा मुलगा गवताची एक काडी उचलून, हिनें मी राक्षसाला मारीन, असें म्हणतो. त्या दुःखांतही सर्वांस हसूं येतें. ती गवताची काडी ज्यानें एकदां पाहिली तो एकचक्रा विसरणार नाहीं. देवस्थानांच्या माहितीपत्रकांत मात्र हें घरही नसतें आणि ती काडीही नसते. प्राचीन, जागृत, निसर्गरम्य, नवसास पावणारें, हीं विशेषणें तेवढीं असतात. आमची कसोटी सोपी आहे. वर्णनांतील गांवाचें नांव खोडावें व दुसरें घालावें. वर्णन तसेंच लागू पडलें, तर तें कोणत्याच गांवाचें नव्हे.

मराठींत याहून चांगली परंपरा नाहीं असें नाहीं. महानुभावांची 'स्थानपोथी' पाहा. श्रीचक्रधर कोठें उतरले, तें देऊळ कोणत्या दिशेस, त्याचें दार कोणीकडे, हें तींत नोंदिलेलें आहे. स्तुति जवळजवळ नाहीं. पण ज्याला त्या जागेविषयीं प्रेम आहे तोच इतकी काळजी घेतो. गोविंद नारायण माडगांवकर यांनीं १८६३ सालीं 'मुंबईचें वर्णन' लिहिलें, त्यांतही बाजार, धंदे व जातीजमाती यांचा असाच डोळस शोध आहे. माहात्म्य लिहिणारा गांवास मोठें करूं पाहतो. स्थान लिहिणारा त्यास ओळखूं पाहतो. पहिल्याचा परिणाम सर्व गांवें सारखीं होण्यांत होतो.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, पाहावयास कांहीं असलें तरच डोळे उपयोगी. नसलें तर लेखकानें काय निर्माण करावें? यावर आमचें म्हणणें असें कीं, माणसें पिढ्यान् पिढ्या राहिलीं आहेत असें एकही ठिकाण निव्वळ सामान्य नसतें. शेतांना नांवें असतात आणि त्या नांवांना कारणें असतात. कोणत्या विहिरीचें पाणी कोणी भरावें व कोणीं भरूं नये, याचा इतिहास असतो, आणि तो लपविण्याकडेही माहात्म्याचा कल असतो. कापसाचा भाव पडला त्या वर्षीं कोणत्या घरचें लग्न लांबलें, हें वृद्धांच्या स्मरणांत असतें. जुना किल्ला असलेल्या टेकडीवर आज गणपति कां पूजिला जातो, यासंबंधीं केळझरच्या दोन आजीबाई दोन गोष्टी सांगतील; त्या दोन्ही लिहून ठेवण्याजोग्या होत.

हा केवळ वाङ्मयविलास नव्हे. रस्ते रुंद होत आहेत. वर्धा जिल्ह्यांतून समृद्धि महामार्गही गेला आहे. देवळापुढें तीच कमान, तीच फरशी, तेंच पत्र्याचें छप्पर घातलें जात आहे. सुधारणा नको असें आम्ही म्हणत नाहीं. यात्रेकरूस सावली व पाणी मिळालेंच पाहिजे. परंतु काय जपावयाचें हें ज्यास सांगतां येत नाहीं, तो तें जपूंही शकत नाहीं. शिकलेलीं मुलें नागपुरास किंवा पुण्यास जातात आणि आमच्या गांवांत कांहीं नाहीं असें सहज बोलून जातात. तीं खोटें बोलत नाहींत. 'माझें गांव' या विषयावर शाळेंत त्यांजकडून जो निबंध लिहवून घेतला, तो कोणत्याही गांवास चालला असता.

पुढच्या चतुर्थीस केळझरला जाणाऱ्या वाचकानें दर्शन अवश्य घ्यावें. मग टेकडीवरून उतरल्यावर मोटार सुरू करण्यापूर्वीं घटकाभर गांवांत बसावें, आणि भेटेल त्या म्हाताऱ्या माणसास एक प्रश्न विचारावा : येथें असें काय घडलें, जें दुसरीकडे घडलें नाहीं ? उत्तर लांबेल. तें ऐकून घ्यावें, व घरीं येऊन लिहून ठेवावें.