अडुळशाचे शास्त्रीय नाव : एक भाषिक परीक्षण

सपुष्प वनस्पतींची लॅटिन नावे भाषानिरपेक्ष असतात, हे मत रूढ असले तरी परीक्षणास टिकत नाही. कार्ल लिनीअस याने ‘क्रिटिका बोटॅनिका’ (१७३७) या ग्रंथात ग्रीक अथवा लॅटिन व्युत्पत्ती नसलेली प्रजातिनामे सामान्यतः त्याज्य ठरविली. हा निर्बंध प्रजातिनामापुरता होता; जातिवाचक उत्तरपदाचे दार उघडे राहिले. ‘स्पीशीज प्लँटारम’ (१७५३) मध्ये अडुळसा ‘जस्टिसिया अधाटोडा’ झाला. पूर्वपद जेम्स जस्टिस या स्कॉटिश उद्यानतज्ज्ञाचे स्मारक होय. उत्तरपद तमिळ ‘आडातोडै’शी नाते सांगते. आंब्याच्या ‘मँजिफेरा इंडिका’ या नावात ‘इंडिका’ हे विशेषण पूर्वपदाचे लिंग स्वीकारते; ‘अधाटोडा’ मात्र नामच राहते व लिंगानुसार बदलत नाही.

येथेच लिनीअसच्या भूमिकेतील विसंगती उघड होते. प्रजातिनाम वर्गीकरणविषयक मतावर अवलंबून असते. जाती दुसऱ्या प्रजातीत गेली तरी जातिपद सामान्यतः टिकते. म्हणजे गौण मानलेले पदच अधिक स्थिर ठरते. पुढे ‘अधाटोडा’ ही स्वतंत्र प्रजाती मानली गेली, तेव्हा देशी शब्द निषिद्ध दालनातही पोचला. वनस्पतिनामसंहितेस एकाच पदाची द्विरुक्ती मान्य नसल्याने तेथे निराळे जातिपद लागले. ‘वासिका’ या रूपाने संस्कृत ‘वासा’ हा शब्द पुढे आला. आज मात्र ‘जस्टिसिया अधाटोडा’ हेच नाव ग्राह्य मानले जाते.

द्विपदनामाची सोय निर्विवाद आहे. त्याच्या भाषिक शुद्धतेचा दावा मात्र मान्य करता येत नाही. ही वनस्पती आधीपासून ओळखणाऱ्यांची साक्ष त्या नामातच आहे, आणि ती वाचणे हे भाषाभ्यासकाचे काम होय.