दैत्यांच्या आया

इंग्रज लेखक टॉल्किन यांच्या ‘सिल्मरिलियन’मध्ये (१९७७) बुटक्यांच्या वंशाचे सात आदिपिते घडविले जातात, आदिमाता मात्र एकही नाही. आपल्या पुराणांत पाहावे तो उलटाच प्रकार! बाप एकच, कश्यप. पण दितीचे ते दैत्य, दनूचे ते दानव, अदितीचे ते आदित्य. नाव चालते ते आईचे.

मग आपल्या गोष्टींतून या आया जातात कुठे? इंझोरीत काय नि मुंबईत काय, नरकासुर मेला की मुलांची गोष्ट आटोपते. भागवतात त्यानंतरच त्याची आई भूमी पुढे येते. लेकाने पळविलेली अदितीची कुंडले ती कृष्णाला परत देते आणि भेदरलेल्या नातवाला त्याच्या पायांशी आणते. कथेतले सर्वांत हृद्य स्थळ हेच, आणि नेमके तेच गाळले जाते!