पडद्यावरचं मरण किती महाग

'कॉल ऑफ ड्यूटी'च्या सहा विरुद्ध सहा सामन्यात गोळी लागून पडलेला खेळाडू काही सेकंदांत नकाशाच्या दुसऱ्या कोपऱ्यात पुन्हा उभा राहतो आणि धावत सुटतो. दहा मिनिटांत वीसदा मेला तरी त्याचं फारसं बिघडत नाही. 'हेल लेट लूज'मध्ये मरण इतकं स्वस्त नाही. तिथे पन्नास विरुद्ध पन्नास खेळाडू असतात आणि सामना दीड तासापर्यंत चालू शकतो. आपल्याला कुणी मारलं ते कळत नाही, आपली गोळी समोरच्याला लागली का, हेही पडद्यावर उमटत नाही. मेल्यावर लढाईजवळ परत यायचं, तर आपल्यापैकी कुणीतरी आधीच पुढे ठाणं उभारलेलं असावं लागतं. नसेल, तर मागच्या तळापासून चालत निघायचं. कुंपणाच्या कडेकडेने, वाकून, कित्येक मिनिटं. आणि पोचता पोचता कुठून तरी पुन्हा एक गोळी येते.

युद्धाच्या ऑनलाइन गेममध्ये वास्तववाद कशाला म्हणायचं, हा वाद बहुतेक वेळा चित्रावर अडकतो. चिखल किती ओला दिसतो, बंदुकीवरचे ओरखडे किती खरे वाटतात, याच्याच चर्चा होतात. मला मात्र मेलेल्या खेळाडूला मरणाची काय किंमत मोजावी लागते, हाच खरा प्रश्न वाटतो. किंमत वाढली की खेळाडू सावध होतो, सावध झाला की शेजाऱ्याशी बोलायला लागतो, बोलायला लागला की कुणाचं तरी ऐकायला लागतो. रस्ता ओलांडण्याआधी धुराचा गोळा फेकायला हवा, हे त्याला कुठल्याही सूचनेवाचून कळतं. संथ गेमची सगळी कला या साखळीत आहे.

वेगवान गेमची कला वेगळी आहे आणि ती कमी दर्जाची नाही. १९९६चा 'क्वेक', १९९९चा 'क्वेक थ्री अरीना', किंवा एकाच टीव्हीचे चार तुकडे करून चौघांना झुंजवणारा, इंग्लंडमधल्या ट्वायक्रॉसच्या 'रेअर' कंपनीचा १९९७चा 'गोल्डनआय' हे गेम युद्ध दाखवण्याचा आव आणतच नव्हते. त्यांचा पिंड कबड्डीतल्या चढाईचा: श्वास रोखून आत शिरायचं, अंगच्या चपळाईवर सुटायचं, लगेच पुढची चढाई. 'काउंटर-स्ट्राइक' तर या दोन पंथांच्या मधोमध उभा आहे. नकाशा छोटा, फेरी दोनेक मिनिटांची, पण एकदा मेलं की फेरी संपेपर्यंत नुसतं बघत बसायचं. १९९९ साली 'हाफ-लाइफ' या गेमवर दोन तरुणांनी केलेलं हे कलम, म्हणजे मॉड, आजही जगभर खेळलं जातं. त्याची चित्रं कधीच फार खरी नव्हती. मरणाचा भाव मात्र पहिल्या दिवसापासून नेमका ठरलेला होता.

मग बाजारात वर्षानुवर्षं वेगवान पंथाचंच राज्य का राहिलं? याच्या उत्तराचा मोठा भाग आमच्या बेसिंगस्टोकमध्ये सापडतो. लंडनच्या वॉटर्लूहून साउदम्प्टनकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं हे कचेऱ्यांचं आणि गोदामांचं गाव. इथल्या हाउंडमिल्स औद्योगिक वसाहतीत 'गेम' याच नावाच्या ब्रिटिश दुकानसाखळीचं मुख्यालय होतं. बाजारपेठेतल्या दुकानांच्या मांडणीवर काय दिसणार, हे ब्रिटनपुरतं बऱ्याच अंशी इथे ठरायचं. त्या मांडणीला एक विशिष्ट प्रकारचा माल लागायचा: पहिल्या दिवशी पूर्ण तयार असलेला, खोक्यात मावणारा, दरवर्षी नोव्हेंबरच्या आसपास नव्याने येणारा, आणि वर्षभरात कंटाळा आला की दुकानात परत आणून नव्याच्या किमतीत वळता करता येणारा. 'कॉल ऑफ ड्यूटी' या साच्यात चपखल बसला. १० नोव्हेंबर २००९ रोजी 'मॉडर्न वॉरफेअर २' आला, तेव्हा ब्रिटनमध्ये पहिल्याच दिवशी त्याच्या सुमारे १२ लाख ३० हजार प्रती खपल्या. किराणा विकणाऱ्या सुपरमार्केटांनीही भाव पाडून तो विकायला काढला होता.

संथ गेम असा विकता येत नाही. पहिल्या दिवशी तो अर्धवटच असतो, कारण त्यातली अर्धी सामग्री म्हणजे खेळणारी माणसं. कधी बोलावं, कधी गप्प बसावं, कुणाचा हुकूम मानावा, हे शिकायला त्यांना महिने लागतात. त्यांना स्वतःचे सर्व्हर भाड्याने घ्यावे लागतात, नियम लावावे लागतात, दंगेखोरांना बाहेर काढावं लागतं. दुकानाच्या फळीवर या कशालाच जागा नव्हती. म्हणून हा पंथ जवळजवळ सगळा दुसऱ्याच्या गेमवर कलम करूनच वाढला. 'अनरियल टूर्नामेंट'सारख्या भन्नाट वेगवान गेमच्या २००४च्या आवृत्तीवर 'रेड ऑर्केस्ट्रा' उभा राहिला. २००५च्या 'बॅटलफील्ड २'वर हौशी मंडळींनी 'प्रोजेक्ट रिअ‍ॅलिटी' रचला आणि त्याच परंपरेतून पुढे 'स्क्वाड' आला. चेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया इंटरअ‍ॅक्टिव्ह कंपनीचा 'ऑपरेशन फ्लॅशपॉइंट' हा ठळक अपवाद. २००१मध्ये तो कोडमास्टर्स या ब्रिटिश प्रकाशकाने दुकानात आणला. दूरच्या झाडीतून आलेल्या एका गोळीत खेळ संपवणारा हा गेम लोकांनी विकत घेतला, हे तेव्हाही आश्चर्यच होतं. त्याच घराण्यातून सैन्यांच्या प्रशिक्षणाची 'व्हर्च्युअल बॅटलस्पेस' ही प्रणाली निघाली.

२०१२च्या मार्चमध्ये 'गेम' ही दुकानसाखळी दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेली आणि २७७ दुकानं एका झटक्यात बंद झाली. नवे मालक आले, साखळी सावरली, २०१५मध्ये तिने साउदम्प्टनची मल्टिप्ले ही सर्व्हर पुरवणारी आणि मोठे गेमिंग मेळावे भरवणारी कंपनी विकत घेतली. खोक्यांचा धंदा सरला, आता एकत्र खेळण्याच्या जागेचा धंदा, ही दिशा मला अगदी बरोबर वाटते. पण दोनच वर्षांत सर्व्हरचा भाग युनिटी कंपनीला विकला गेला. २०१९मध्ये साखळी क्रीडासाहित्य विकणाऱ्या बड्या समूहाकडे गेली आणि २०२४च्या फेब्रुवारीत जुने गेम परत घेणंही थांबलं. दरम्यान संथ पंथाला फळीची गरजच उरली नव्हती. 'स्क्वाड'ने २०१५मध्ये आणि 'हेल लेट लूज'ने २०१७मध्ये थेट खेळाडूंकडून वर्गणी गोळा केली, अर्धवट गेम खेळाडूंच्या हाती दिला आणि त्यांच्या देखत पुरा केला. 'हेल लेट लूज' २०२१च्या जुलैमध्ये पूर्ण झाला. पन्नास अनोळखी माणसं एका अधिकाऱ्याचं ऐकून तासभर शिस्तीत लढतात, अशा गेमला पैसे देणारा प्रेक्षक आहे, हे फळीने कधीच कळू दिलं नव्हतं.

आज वेगवान पंथाची प्रकृती ठीक नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. खप अजूनही प्रचंड आहे. ढासळली आहे ती आतली सुसंगती. 'कॉल ऑफ ड्यूटी'च्या २०२४च्या आवृत्तीत कुठल्याही दिशेला धावत, घसरत, सूर मारत गोळ्या झाडता येतात. ही शुद्ध कसरत आहे, आणि कसरत म्हणून ती देखणी आहे. पण तिच्या अंगावर अजून सैनिकाचा गणवेश आहे, हातात खऱ्या बंदुकांच्या हुबेहूब प्रतिकृती आहेत, आणि शेजारी भलत्याच वेशात कुणीतरी उड्या मारत असतं. 'क्वेक'ला सैनिकाची झूल पांघरायची गरज पडली नव्हती. ही झूल विक्रीसाठी आहे, आणि तिच्यापायी कधीकधी फार मोठी किंमत मोजली जाते. २०१९च्या 'मॉडर्न वॉरफेअर'ची चित्रं त्या काळातली सर्वांत खरी म्हणून गाजली. त्याच्या कथाभागात 'हायवे ऑफ डेथ' नावाचा प्रसंग आहे. १९९१च्या आखाती युद्धात कुवेतहून बसराकडे माघारी निघालेल्या इराकी ताफ्यावर अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या विमानांनी बाँबवर्षाव केला, त्या रस्त्याचं हे प्रचलित नाव. गेममध्ये काल्पनिक देशातल्या त्याच नावाच्या रस्त्यावरचा हल्ला रशियनांच्या माथी मारला आहे. वाळूचा कण न् कण खरा आणि इतिहास खोटा, याला मी वास्तववाद म्हणू शकत नाही.

संथ पंथाचे दोष मला जास्त सलतात, कारण माझा जीव तिकडे आहे. २०२३च्या सप्टेंबरमध्ये 'स्क्वाड'च्या कर्त्यांनी पायदळाच्या लढाईची घडीच बदलली. धावून आलेल्या सैनिकाचा नेम खूप हलू लागला, डोक्यावरून गोळ्या गेल्या की डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. जुने खेळाडू चिडले: बंदूक चालवणारा माणूस इतका दुबळा नसतो, असं त्यांचं म्हणणं. बदलाचा हेतू मला पटतो. एकट्याने पराक्रम करता येऊ नये, गोळीबाराच्या आडोशाने साथीदाराने पुढे सरकावं, हे त्यातून साधतं. पण वास्तवाचा सगळा शोध बंदुकीच्या थरथरीत घेतला जातो आणि बाकीचं युद्ध बाहेरच राहतं. या गेममधल्या गावांमध्ये घरं आहेत, चर्च आहेत, शेतं आहेत, आणि साधा गावकरी एकही नाही. कुणी शरण येत नाही. कैदी नाहीत. जखमी सैनिक एका सुईने उठतो, नाहीतर स्वतःहून मरण पत्करून पुन्हा मागे उगवतो. त्याला उचलून मागे न्यायचं काम कुणालाच करावं लागत नाही.

इथे मला शिपाई नामदेव जाधवांची आठवण होते. नगर जिल्ह्यातल्या निमजचा हा तरुण पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीत कंपनीचा निरोप्या होता. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनिओ नदीवर त्याच्या तुकडीची वाताहत झाली. तेव्हा त्याने गोळीबारातून एका जखमीला खोल पाण्यातून, उभ्या काठावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे नेलं, परत येऊन दुसऱ्यालाही नेलं, आणि मग शत्रूच्या तीन मशिनगनी बंद पाडल्या. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धावरच्या 'हेल लेट लूज'सारख्या कडव्या वास्तववादी गेममध्येही या पराक्रमाचा पहिला, अधिक अवघड अर्धा भाग खेळताच येत नाही. तीन मशिनगनी मात्र कुठल्याही गेममध्ये बंद पाडता येतात.

महाराष्ट्रात या दोन पंथांची झुंज फोनवर झाली, आणि तिच्याकडे आपल्या समीक्षेने पुरेसं लक्ष दिलेलं नाही. २०१८नंतर तालुक्याच्या गावांत एका पारावर दोन गट दिसायचे. हलक्या फोनवाले 'फ्री फायर' खेळायचे: पन्नास खेळाडू, दहाएक मिनिटांत निकाल. जरा बऱ्या फोनवाले 'पबजी': शंभर खेळाडू, आठ किलोमीटर लांब-रुंद बेट, अर्धा तास. पबजीचं मूळ आयरिश रचनाकार ब्रेंडन ग्रीनने बोहेमियाच्याच 'आर्मा' गेमवर केलेल्या कलमात आहे, म्हणजे 'ऑपरेशन फ्लॅशपॉइंट'च्या घराण्यात. त्यामुळेच त्याच्यात एकच जीव आहे, लांबलांब चालणं आहे, गवतात पडून राहणं आहे. 'गाडीचा आवाज येतोय, हलू नको', 'मी नॉक झालो, रिव्हाइव्ह दे', 'झोन आला, पळा' हे मराठीतलं कुजबुजणं म्हणजे संथ पंथाचीच साखळी आहे. आपल्या मुलांना फक्त धडाधड गोळीबार आवडतो असं मानणाऱ्यांनी ती अर्धा तास ऐकावी. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीवर बंदी आली, पुढे 'बीजीएमआय' नावाने तो परतला, पुन्हा गेला, २०२३मध्ये पुन्हा आला. या धरसोडीत सगळी चर्चा व्यसन आणि सुरक्षा यांचीच झाली. मुलांनी काय निवडलं आणि का, हे कुणी विचारलं नाही.

पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने आधी 'मास्कगन' हा फोनवरचा झटपट गोळीबाराचा गेम केला आणि १६ ऑक्टोबर २०२४ रोजी 'इंडस' आणला. त्यात पौराणिक आणि विज्ञानकथेच्या रंगातलं बेट आहे, आणि शेवटी कॉस्मियम नावाची वस्तू ताब्यात घेतली तर सगळ्यांना न मारताही जिंकता येतं. ही कल्पना मला मोलाची वाटते, कारण मारण्याखेरीज दुसरं काही जिंकण्याजोगं असू शकतं, हे तिने नियमात लिहिलं. बाकी गेम वेग आणि नवनवे पोशाख यांच्या वाटेनेच जातो. धंद्याचा हिशेब मला समजतो. पण ज्या शहराच्या दारात सह्याद्री आहे, जिथे घाट, खिंडी, पाऊस आणि धुकं यांनी लढायांचे निकाल फिरवले, तिथल्या रचनाकारांना भूगोलाचा गेम सुचावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. फोनचं बळ कमी पडतं, हे कारण पबजीने २०१८मध्येच निकालात काढलं आहे.

युद्धाचा गाळलेला भाग गेममध्ये आणण्याच्या काही वाटा उघडल्याही आहेत. २०१७मध्ये 'आर्मा ३'ला 'लॉज ऑफ वॉर' हा भाग जोडला गेला. त्यात खेळाडू सुरुंग काढणारा मदत कार्यकर्ता होतो, आणि उत्पन्नाचा वाटा आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीला दिला गेला. दुसरी वाट अनपेक्षित ठिकाणाहून आली आहे. २०२५च्या ऑक्टोबरमधला 'बॅटलफील्ड ६' हा संथ पंथाचा गेम मुळीच नाही. स्टॉकहोमच्या डाइससोबत ज्या स्टुडिओंनी तो केला, त्यांत बेसिंगस्टोकहून फार लांब नसलेल्या गिल्डफर्डचा क्रायटेरियनही आहे. त्यात पडलेल्या साथीदाराला धरून ओढत आडोशाला नेता येतं. ओढताना पाठ उघडी पडते, बंदूक जवळजवळ निरुपयोगी होते, दोघंही मरण्याची शक्यता वाढते. तरी लोक एकमेकांना ओढतात. 'स्क्वाड' आणि 'हेल लेट लूज' यांच्या कर्त्यांनी ही गोष्ट या वेगवान गेमकडून बेलाशक उचलावी, आणि ओढण्याचं अंतर दहा पावलांऐवजी दोनशे मीटर करावं.