नियम सापडले, जीवशास्त्र सापडले नाही

अकरावीचे प्रवेश आटोपले की पहिल्या आठवड्यात मुलांच्या हातात एक कागद पडतो. विषयाचे नाव, शिक्षकांचे नाव आणि खाली नियम. मुलाने आणि पालकाने सही करून तो परत द्यायचा. एका कनिष्ठ महाविद्यालयातला जीवशास्त्राचा असा कागद नुकताच आमच्या हाती आला. महाविद्यालयाचे नाव इथे महत्त्वाचे नाही, कारण थोड्याफार फरकाने असे कागद सगळीकडे मिळतील. आम्ही तो एखादे पुस्तक परीक्षणासाठी वाचावे तसा वाचला. हा कागद म्हणजे त्या मुलाला महाविद्यालयीन जीवशास्त्राने करून दिलेली स्वतःची पहिली ओळख असते. ती ओळख कशी आहे?

कागदावर अकरा नियम आहेत. हजेरी ७५ टक्के हवी. पांढरा कोट हवा. जर्नल वेळेवर पूर्ण हवे, आकृत्या पेन्सिलीने व स्वच्छ हव्यात, खाडाखोड नको. अपूर्ण जर्नलवर सही मिळणार नाही आणि सहीशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येणार नाही. उरलेले नियम मोबाइल, गणवेश, उशिरा येणे, काचसामान फुटल्यास भरपाई असे आहेत.

यातले काही नियम योग्यच आहेत. आम्ल, ब्लेड आणि स्पिरिटचा दिवा असलेल्या खोलीत शिस्त हवीच. आमची तक्रार नियम आहेत म्हणून नाही. या अकरा नियमांतले विषयाचे नाव खोडून तिथे ‘वाणिज्य पत्रव्यवहार’ लिहिले, तर कोट आणि काचसामान सोडून फारसे काही बदलावे लागणार नाही, ही आमची तक्रार आहे. पाहा, मोजा, शंका घ्या, असे एकही वाक्य त्यात नाही.

जर्नलचे काय होते?

कांद्याच्या मुळाच्या टोकाचा प्रयोग घेऊ. मुळाचे टोक कापून, आम्लात किंचित गरम करून, रंग देऊन, काचपट्टीवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. जर्नलमध्ये पेशीविभाजनाच्या चारही अवस्थांच्या सुबक आकृत्या असतात आणि प्रत्येक अवस्थेला सारखीच जागा मिळालेली असते. पण सूक्ष्मदर्शकाखाली असे दिसत नाही. बहुतेक पेशी विभाजनात नसतातच. ज्या असतात त्यांतल्या पुष्कळशा पूर्वावस्थेत असतात. पश्चावस्थेतली पेशी शोधावी लागते, आणि कधी शोधूनही सापडत नाही.

या न सापडण्यातच खरा धडा आहे. एखादी अवस्था कमी दिसते, कारण ती लवकर उरकते. समजा, २०० पेशी मोजल्या आणि त्यांतल्या २० विभाजनात आढळल्या. पेशीचे पूर्ण चक्र २० तासांचे धरले, तर विभाजनाला त्याचा दहावा भाग, म्हणजे सुमारे दोन तास लागतात, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. मेलेल्या, रंगवलेल्या, जागच्या जागी थिजलेल्या पेशींकडून आपण वेळ मोजून घेतो! वीस मुलांच्या तुकडीने प्रत्येकी शंभर पेशी मोजल्या तर दोन हजार पेशींची माहिती जमते, आणि त्यासाठी जास्तीचा एक रुपयाही लागत नाही.

पण ‘खाडाखोड नको’ आणि ‘वेळेवर पूर्ण’ हे दोन नियम एकत्र आले की मूल काय करते, हे शिक्षकांना सांगायला नको. ते आदल्या रात्री गेल्या वर्षीच्या जर्नलमधून आकृत्या उतरवते. प्रयोगाच्या दिवशी सूक्ष्मदर्शकात डोकावते, काही ओळखू येत नाही, पण त्याची गरजही उरलेली नसते. उत्तर आधीच लिहून झालेले असते. हायड्रिलाच्या प्रयोगात बुडबुडे आले नाहीत तरी ‘आले’ असेच लिहिले जाते. लाळेने स्टार्चचे पचन ठरल्या मिनिटांत झाले नाही तरी तक्त्यात ‘झाले’.

याला आम्ही किरकोळ बाब मानत नाही. न पाहिलेले पाहिले म्हणून लिहिणे आणि त्यावर शिक्षकाची सही घेणे, हा धडा मूल अकरावी-बारावीत अनेकदा गिरवते. याच मुलांमधून पुढे डॉक्टर, परिचारिका आणि रक्त तपासणारे तंत्रज्ञ होणार आहेत. प्लेटलेट मोजताना काचपट्टीवर दिसले ते लिहायचे की ‘यायला हवे’ ते लिहायचे, याची सवय इथेच लागते.

हजेरी कशासाठी?

विज्ञान शाखेचे वर्ग ओस पडतात आणि मुले खाजगी क्लासमध्ये बसतात, हे उघड गुपित आहे. म्हणूनच राज्य शासनाने २०१८ साली विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. पण अंगठा उमटला म्हणजे मूल वर्गात आले एवढेच कळते. वर्गात काय घडले हे यंत्र सांगत नाही.

वर्गात काय घडते याला महत्त्व आहे, याचा भक्कम पुरावा आता उपलब्ध आहे. विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या पदवी अभ्यासक्रमांतल्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झाला. केवळ व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत नापास होणाऱ्यांचे प्रमाण सरासरी सुमारे ३४ टक्के होते. मुलांना वर्गातच प्रश्न सोडवायला, चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत ते सुमारे २२ टक्के होते. तिथले वर्ग आणि आपले वर्ग सारखे नाहीत हे खरे. तरी हजेरीची सक्ती करणाऱ्या महाविद्यालयाने ‘येऊन मुलाने काय करायचे?’ याचे उत्तर दिले पाहिजे. या कागदात ते नाही.

शिवाय भाषेचा अडसर आहे. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला विज्ञान शाखेत बहुतेक ठिकाणी एकदम इंग्रजीतून शिकावे लागते. ते मूल ७५ टक्के दिवस वर्गात बसते, पण तोंड उघडत नाही. गंमत अशी, की ‘नीट’ परीक्षेची प्रश्नपत्रिका मराठीत मिळू शकते. मग वर्गात शंका मराठीत विचारायला काय हरकत आहे? तसे कागदावर एका ओळीत लिहिले, तरी कितीतरी मुलांची जीभ मोकळी होईल.

परीक्षेची सबब

‘हे सगळे ठीक, पण परीक्षेचे काय?’ असे शिक्षक विचारतील, आणि त्यांचे चूक नाही. २०२५ च्या ‘नीट’मध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न होते. त्यांतले ९० जीवशास्त्राचे, म्हणजे ७२० पैकी ३६० गुण. मिनिटाला एक प्रश्न असेल तर विचाराला उसंत कुठली? पाठांतराचा ओढा इथूनच येतो.

पण पाठांतरानेही सगळे भागत नाही. प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण बिनचूक लिहिणाऱ्या मुलाला विचारून पाहा: चिंचेच्या झाडाचे एवढे लाकूड आले कुठून? ‘मातीतून’ हे उत्तर हमखास मिळेल. बेल्जियमच्या व्हॅन हेल्माँटने २०० पौंड कोरड्या मातीत पाच पौंडांचे विलोचे रोप लावून पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले आणि माती जेमतेम दोन औंसांनी घटली. हा प्रयोग १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. सगळे वजन पाण्यातून आले, हा त्याचा निष्कर्ष चुकीचा होता, कारण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा त्याला माहीत नव्हता. पण त्याने वजन केले होते, म्हणून पुढच्यांना त्याची चूक शोधता आली. समीकरण पाठ असलेला आपला विद्यार्थी साडेतीनशेहून अधिक वर्षांनंतरही हेल्माँटच्या मागेच उभा असेल, तर ९० पैकी कितीही प्रश्न बरोबर आले तरी काय शिकवले, हा प्रश्न उरतोच.

बारावीच्या जीवशास्त्रात १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. हे तीस गुण शिक्षकांच्या हातात आहेत. ते स्वच्छतेला द्यायचे की निरीक्षणाला, हे ठरवायला कोणत्याही प्रवेश परीक्षेची आडकाठी नाही.

मग कागदावर काय असावे?

एका सूक्ष्मदर्शकावर सहा-सात मुले, रिकामे असलेले प्रयोगशाळा परिचराचे पद, अभ्यासक्रम संपवण्याची घाई, या अडचणी आम्हाला ठाऊक आहेत. म्हणून पैसा किंवा परवानगी लागणार नाही असेच बदल सुचवतो.

पहिला: ‘दिसले तेच काढा. दिसले नाही तर तसे लिहा आणि का दिसले नसावे ते दोन ओळींत सांगा. त्याचे गुण कापले जाणार नाहीत.’

दुसरा: ‘खोडरबर वापरू नका. चूक एका रेघेने खोडा, म्हणजे ती वाचता येईल.’ खऱ्या प्रयोगशाळेतल्या वहीचा नियम हाच असतो.

तिसरा: ‘शंका कोणत्याही भाषेत विचारा.’

चौथा: ‘प्रत्येक प्रयोगानंतर सगळ्या तुकडीची निरीक्षणे फळ्यावर एकत्र लिहिली जातील.’

आणि पाचवा शिक्षकासाठी: ‘तपासलेल्या वह्या मी आठवडाभरात परत देईन, आणि मला न आलेले उत्तर शोधून सांगेन.’ आम्ही वाचलेल्या कागदावर विद्यार्थ्याची सही होती, पालकाची होती, शिक्षकाची मात्र नव्हती. अपेक्षा एकाच बाजूच्या असतील तर तो करार नव्हे, हुकूम ठरतो.

पुढच्या सत्राच्या सुरुवातीला तुमच्या महाविद्यालयातला असा कागद समोर घ्या. प्रत्येक नियमापुढे ‘यातून मूल जीवशास्त्रातले काय शिकेल?’ हा प्रश्न लिहा आणि ज्यापुढे उत्तर सुचत नाही ते नियम मोजा. मग कांद्याच्या मुळाच्या तासाला मुलांना जर्नल मिटून ठेवायला सांगा आणि फक्त पेशी मोजायला लावा. किती सापडल्या आणि कोणत्या सापडल्या नाहीत, ते आम्हालाही कळवा.