‘देशी पर्याय’ शोधताना: देश म्हणजे नेमकं काय?



ती यादी तुमच्याही फोनवर येऊन गेली असेल. दोन रकाने. डावीकडे विदेशी क्रीम, फेसवॉश, सनस्क्रीन आणि उजवीकडे त्यांचे देशी पर्याय. ग्राहक म्हणून ती वाचली तर ठीक आहे. पण संशोधन प्रस्तावासाठी काही जण हीच यादी जशीच्या तशी ‘डेटा’ म्हणून घेतात. म्हणून आज एखादा पेपर तपासावा तशी ही यादी तपासू.

आधी कबुली देतो. माझ्या पहिल्या प्रस्तावात मीही हेच केलं होतं. एक्सेलमध्ये ब्रँडच्या नावापुढे ‘देश’ असा एकच रकाना. मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, “कुठला देश? जन्माचा, कारखान्याचा की मालकाचा?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रस्ताव परत आला आणि एक सत्र वाया गेलं.

पहिला दोष हाच: ‘देश’ या शब्दाची व्याख्या नाही. लॅक्मे घ्या. १९५२ मध्ये टाटांनी सुरू केलेला ब्रँड, नाव म्हणजे ‘लक्ष्मी’चं फ्रेंच रूप. १९९८ मध्ये टाटांनी आपला हिस्सा हिंदुस्तान लिव्हरला विकला. आता हा ब्रँड कुठल्या रकान्यात टाकाल? हिंदुस्तान युनिलिव्हरमध्ये ६० टक्क्यांहून जास्त वाटा मूळ युनिलिव्हरचा आहे, पण उरलेले शेअर भारतीय बाजारात खरेदी-विक्री होतात. म्हणजे ‘नफा कुठे जातो’ याचंही उत्तर एका शब्दात देता येत नाही.

दुसरं उदाहरण मिनिमलिस्टचं. २०२० मध्ये जयपूरचा स्टार्टअप म्हणून सुरुवात झाली. २०२५ मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरने त्यातला ९०.५ टक्के हिस्सा घेण्याचा करार जाहीर केला. यादी २०२४ ची असेल तर तो उजवीकडे, नंतरची असेल तर वाद. म्हणून नोंद करताना तारीख लिहायची. या यादीवर तारीख नसतेच.

यादी सगळीच चुकीची आहे असं मात्र नाही. कोलकात्याचं १९२९ चं बोरोलिन, पेंढरकरांनी १९५२ मध्ये मुंबईत सुरू केलेलं विको, कर्नाटक सरकारच्या कंपनीचा मैसूर सँडल साबण. यांच्याबाबत जन्म, कारखाना, मालक काहीही विचारा, उत्तर भारतच येतं. अडचण मधल्या ब्रँडची आहे, आणि नेमका तिथेच यादीतला आत्मविश्वास सगळ्यात जास्त दिसतो.

दुसरा दोष ‘पर्याय’ या शब्दात आहे. पर्याय म्हणजे तेच काम करणारी वस्तू. माझ्या रूममेटला एक्झिमासाठी डॉक्टरांनी बिनवासाचं मॉइश्चरायझर सांगितलं होतं. त्याने यादी बघून त्याऐवजी एक सुगंधी क्रीम आणलं. आठवडाभरात हात लालभडक! दोन्ही क्रीमच, पण काम वेगळं. तुलना करायची तर आधी घटकांची यादी वाचा. १ टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. त्वचेला देश कळत नाही, घटक कळतात.

आणि दर्जाचे नियमसुद्धा ब्रँडच्या जन्मगावावर नाही, माल कुठे विकला जातो त्यावर ठरतात. अमेरिकेत सनस्क्रीन औषधात मोडतं, युरोपात प्रसाधनात. त्यामुळे एकाच ब्रँडच्या सनस्क्रीनमधले यूव्ही फिल्टर दोन्हीकडे वेगळे असू शकतात.

मग ‘देश’ हा चल निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. १९६५ मध्ये रॉबर्ट स्कूलर यांनी ग्वाटेमालातल्या विद्यार्थ्यांना एकसारखीच उत्पादनं वेगवेगळ्या देशांची लेबलं लावून दाखवली. वस्तू तीच, तरी मतं बदलली. या विषयातल्या संशोधनाची सुरुवात साधारण इथून मानतात. पण नीट बघा, स्कूलर यांनी मोजला तो लेबलचा परिणाम. त्यावरून वस्तूचा दर्जा कळत नाही.

म्हणून आधी प्रश्न ठरवा, मग रकाना. बहिष्कारावर काम असेल तर मालकी बघा. रोजगारावर असेल तर कारखाना. लोकांच्या समजुतीवर असेल तर त्यांना तो ब्रँड कुठला वाटतो ते त्यांनाच विचारा; खरं उत्तर वेगळं असलं तरी तीच तुमची माहिती. आणि त्वचेवर असेल तर घटक. चार प्रश्न, चार रकाने.

आज घरच्या आरशापुढची कुठलीही पाच उत्पादनं घ्या आणि हे चार रकाने भरून बघा. लेबलवरून काय भरता आलं आणि कशासाठी शोधाशोध करावी लागली, तेही शेजारी लिहा. मुलाखतीत “डेटा कुठून आणणार?” असं विचारलं की हाच कागद कामाला येईल. मी हे एक सत्र उशिरा केलं. तुम्ही आधीच करा.